कोव्यार पिन

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाला बेशुद्ध करायचं आणि परत शुद्धीवर आणायचं, हे माझं रोजचं काम. बेशुद्ध माणूस नेमका कुठे जातो हो, असं नातेवाईक कधीकधी विचारतात. मी सांगते — कुठेही जात नाही, इथेच असतो, माझ्या डोळ्यांसमोर. आजही हेच सांगते. या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं बोलायचं तर आजवर एकावरही विश्वास बसलेला नाही. त्यामुळे माझ्या अनुभवावर तुम्ही तो ठेवायलाच हवा असंही नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, एवढंच.

गोष्ट २००६-०७ च्या सुमाराची. मी तेव्हा पश्चिम वेल्समधल्या एका हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर होते. नवरा संदीप लंडनजवळ मेडनहेडला आयटी कंपनीत, वीकेंडपुरता घरी यायचा. घर भाड्याचं — ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशी एका लहानशा गावात. दगडी जोडघर. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ग्विन नावाचे गृहस्थ. मागे दोघांचं मिळून एक अंगण, आणि अंगणापलीकडे ग्विन यांची पत्र्याची शेड. शेडमध्ये त्यांची लॉरी.

लॉरीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांचं वेड असलेले लोक लगेच मालक ओळखतात. पन्नासच्या दशकातली होती. पुढे गोलसर नाक, लाकडी हौदा, दारावर सोनेरी अक्षरांत ग्विन यांच्या वडिलांचं नाव. वडिलांचा मालवाहतुकीचा छोटा धंदा होता आणि ग्विन विशी गाठायच्या आत त्याच लॉरीवर ड्रायव्हर झाले. खाणीतला चुनखडीचा दगड, गवताच्या गासड्या, पुढे मोठ्या गाड्यांवरून बर्मिंगहॅमकडे पोलादाच्या गुंडाळ्या. धंदा बंद पडला तेव्हा ही लॉरी विकली गेली. पुष्कळ वर्षांनी ती त्यांना एका शेतावर सापडली. आत कोंबड्या राहत होत्या. बायको गेल्यावर त्यांनी ती परत विकत आणली आणि एकट्याने, सावकाश, पुन्हा उभी केली.

त्या उन्हाळ्यात माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. अण्णांचा जन्म ट्रकवर गेलेला. कराडहून गूळ, कांदा, जे मिळेल ते भरायचं आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. मला डॉक्टर त्या ट्रकनेच केलं. इंग्रजी त्यांना शून्य. पहिले काही दिवस ते नुसते खिडकीशी बसून असायचे. ‘इथं माणसं कुठं राहत्यात गं?’ म्हणून विचारायचे.

मग एका दुपारी ग्विन यांनी लॉरी सुरू केली. अण्णा मफलर गुंडाळून, स्लिपरवरच अंगणात गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. ग्विन यांनी काही न विचारता केबिनचं दार उघडलं.

त्यानंतर रोज दुपारी दोघं त्या उभ्या लॉरीत बसायचे. काय बोलायचे देव जाणे. अण्णा मराठीत, ग्विन अर्धं इंग्रजीत, अर्धं वेल्शमध्ये. ‘अण्णा’ हे नाव ऐकून ग्विन आधी खूप हसले होते, कारण त्यांच्या बहिणीचं नाव अ‍ॅना. पुढे ते ‘मिस्टर अ‍ॅना’च म्हणायला लागले. वीकेंडला मी घरी असले की मला दुभाषी म्हणून बोलावणं यायचं.

‘इचार त्येला,’ अण्णा म्हणाले, ‘उतारावर न्यूट्रल करत हुता का?’

मी विचारलं. ग्विन यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. जसे काही वडील अजून ऐकत असावेत.

‘करायचो तर! पेट्रोल वाचायचं ना. वडिलांना कळलं की मग आमची खैर नसे. अण्णांना विचार, ते करायचे का?’

‘आमी? छ्या!’ अण्णा म्हणाले, आणि लगेच मला, ‘हे सांगू नको त्येला, पण करायचो की.’

मी सांगितलं. दोघं इतके हसले की ती जुनी सीट करकरायला लागली.

थंडीच्या गप्पा निघाल्या. केबिनमध्ये हीटर नसायचा, गुडघ्यांवर पोती पांघरून गाडी चालवायची, झोप आली तर सीटवर फळी टाकून तिथेच आडवं व्हायचं. अण्णांनी सांगितलं की आमच्याकडे उलटं, टपावर झोपायचो, केबिनमध्ये भाजून निघायचो. मला त्या गप्पांत बरं वाटायचं. अण्णा इथे आल्यापासून पहिल्यांदाच घरात शीळ घालत होते.

आता त्या गुरुवारकडे येते.

सकाळी मी ड्यूटीवर असताना कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं. तालुक्याच्या गावात एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर एक वयस्कर माणूस कोसळला होता. हृदय बंद पडलेलं. अँब्युलन्सच्या लोकांनी ते जागच्या जागी पुन्हा सुरू करून, श्वासनलिकेत नळी घालून त्याला आणलं होतं. मी पोहोचले तेव्हा नर्स कात्रीने स्वेटर कापत होती. घरी विणलेला, गडद हिरवा. उजवी बाही मनगटापासून थेट खांद्यापर्यंत उभी कापली. मी हातात शीर शोधायला वाकले आणि तेव्हा चेहरा पाहिला. ग्विन होते.

पेशंट माझे शेजारी आहेत, असं मी कन्सल्टंटना लगेच सांगितलं. दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून काम मीच चालू ठेवलं. आयसीयूत नेलं. अशा पेशंटला तेव्हा आम्ही गाढ झोपेत ठेवून शरीर थंड करत असू, मेंदूला इजा कमी व्हावी म्हणून. सोबत स्नायू शिथिल करणारं औषधही चालू असतं. म्हणजे माणूस बोट हलवणार नाही, पापणी हलवणार नाही. ती सगळी दुपार मी त्या बेडच्या आसपास होते. मध्ये फक्त एकदा कॉरिडॉरमध्ये जाऊन घरी फोन केला, अण्णा जेवले का विचारायला. ग्विनबद्दल फोनवर काही बोलले नाही. दुपारी त्यांचा मुलगा ह्यू स्वान्सीहून आला आणि हात धरून बसून राहिला.

संध्याकाळी घरी आले. अण्णांना हे कसं सांगायचं, याची वाक्यं मी गाडीतच जुळवली होती. ते स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. मी बूट काढत होते तोवर तेच म्हणाले,

‘तुझा म्हातारा आज लई येळ बसलावता.’

‘कोण?’

‘कोण म्हंजे? ग्विन. दुपारी आलता. गाडीत बसलो की आमी.’

‘सकाळी ना, अण्णा?’

‘दुपारी गं. तू फोन केलास न्हाई का, जेवला का म्हणून? त्येच्यानंतर.’ ते लसूण सोलतच होते. ‘बरं न्हाई वाटतं त्येला. तोंड पांढरं पडलंवतं. अन् स्वेटराची बाही फाटल्याली. ही अशी, वरपतुर. म्हटलं काय झालं, तर नुसता हसला.’

त्यांनी स्वतःच्या उजव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत बोट फिरवून दाखवलं.

मी घाबरले का? नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी हातातल्या चाव्या फार हळू टेबलावर ठेवल्या. आवाज होऊ नये म्हणून. का, ते माहीत नाही.

‘काय बोलला तो?’

‘आज ष्टेरिंगवर मलाच बसवलं. सोता पलीकडं बसला. ब्रेकाकडं बोट दाखवायचा अन् एकच घोकत हुता. कोव्यार पिन, कोव्यार पिन. मंग हातानं दाखवलं, खिळा घातलाय, पिन न्हाई. म्हटलं बरं, उद्या घाल पिन.’

‘अण्णा... ग्विन हॉस्पिटलमध्ये आहे. सकाळपासून. माझ्याच वॉर्डात.’

अण्णांनी सुरी खाली ठेवली.

‘जिता हाय ना?’

‘आहे.’

‘मंग सकाळी न्हाई, सांच्याला गेला आसंल. तुझं काम लई झालंय, झोप तू.’

मी वाद घातला नाही. रात्रभर मनाशी मात्र घालत राहिले. अण्णा सत्तरीला आलेले, दिवसांची सरमिसळ झाली असेल. बुधवारची भेट गुरुवारच्या नावावर. दुसऱ्या दिवशी मी गप्पांच्या ओघात त्यांची स्मरणशक्ती तपासूनसुद्धा पाहिली, आम्ही पेशंटची तपासतो तशी. मेंदू ठणठणीत होता. राहिली बाही. स्वेटर आधीच फाटलेला असेल? पण उजवी बाही अखंड असताना मी पाहिली होती, कात्री चालताना पाहिली होती. त्या ‘कोव्यार पिन’चा मी विचारच केला नाही. कसल्यातरी कव्हरची पिन असेल, असं वाटलं.

रविवारी त्या भागातल्या जुन्या लॉऱ्यांची फेरी होती. दरवर्षी असते. निवृत्त ड्रायव्हर आपापल्या गाड्या चकचकीत करून आणतात, ब्लॅक माउंटन चढून पलीकडे उतरतात, तिथे चहा-केक खाऊन परत. तो रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. माथ्यावरून खाली येताना एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ खाली दरी, आणि वळणं आपल्या घाटासारखी. मधूनमधून रस्त्यावर मेंढ्या.

संदीप त्या वीकेंडला आलेला नव्हता. सकाळी शेडमधून इंजिनाचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. ह्यू होता. लॉरी अंगणात काढून ठेवलेली. शेजारच्या सीटवर त्याची मुलगी केरिस, सात-आठ वर्षांची, पाय हलवत बसलेली. ग्विन अजून झोपेतच होते, औषधं हळूहळू कमी करायला नुकतीच सुरुवात झाली होती. बेडजवळ बसून राहण्याखेरीज ह्यूला करण्यासारखं काही नव्हतं. वडिलांच्या दोस्तांनी त्याला गळ घातली होती, की ग्विनची गाडी सगळ्यांच्या पुढे चालू दे.

मी शुभेच्छा द्यायला खाली उतरले, तर अण्णा माझ्याआधीच बाहेर. लॉरीच्या अगदी पुढ्यात, बंपरला गुडघे टेकतील असे उभे. दोन्ही हात आडवे पसरलेले.

‘अण्णा, काय करताय! बाजूला व्हा.’

‘त्येला सांग गाडी बंद कर. पिन घातल्याशिवाय गाडी हलायची न्हाई.’

ह्यू खिडकीतून वाकला. चेहऱ्यावर त्या आठवड्याचा सगळा थकवा होता. ‘सगळं ठीक आहे ना?’

‘सॉरी, ह्यू. त्यांना वाटतंय गाडीत काहीतरी बिघाड आहे.’

‘मी काल तेल-पाणी, टायर, सगळं पाहिलं. आत्ता शेडमधून काढताना ब्रेकही लागला. उशीर होतोय गं, सगळे वाट बघतायत.’

मी अण्णांचा दंड धरला. ते हलले नाहीत. मी आयुष्यात त्यांना कुणाशी मोठ्याने बोलताना पाहिलेलं नाही, पण त्या वेळी ते माझ्या डोक्यावरून थेट ह्यूकडे बघत ओरडले,

‘कोव्यार पिन! अरं, कोव्यार पिन!’

ह्यूने इंजिन बंद केलं.

एकदम सगळं शांत. तो खाली उतरला. ‘काय म्हणाले ते?’

‘मलाही कळलेलं नाही. कव्हर पिन की काय...’

‘कव्हर नाही,’ ह्यू म्हणाला. ‘ते वेल्श आहे. कोव्या म्हणजे लक्षात ठेव. पिनचं लक्षात ठेव.’

मग तो भरभर बोलत गेला. त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ याच डोंगरावर गेला होता. दगड भरलेली लॉरी, ब्रेकच्या दांड्याची पिन उतारावर निसटली, पेडल मोकळं पडलं आणि गाडी वळणावरच्या भिंतीतून खाली. तेव्हापासून त्यांच्या घरातून कोणतीही लॉरी बाहेर पडताना ड्रायव्हरला हे दोन शब्द म्हटले जात. आजोबा म्हणायचे, पुढे ग्विन म्हणायचे. ‘पण मला. घरातल्या माणसांना. बाहेरच्यांना का म्हणतील?’

त्याने केरिसला खाली उतरवून माझ्याजवळ दिलं, टॉर्च घेतला आणि लॉरीखाली सरपटत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर एक खिळा होता. साधा, सुतारकामाचा. मधोमध वाकलेला, आणि एका बाजूने झिजून जवळजवळ अर्धा राहिलेला. ब्रेकच्या दांड्यात पिनच्या जागी तो अडकवलेला होता. अंगणात हळू दाबलेल्या ब्रेकला तो पुरला होता. डोंगराच्या उतारावर किती पुरला असता, ते त्या दोघांना एकमेकांकडे बघूनच कळलं, आणि मला त्यांच्याकडे बघून.

ह्यू लॉरीच्या पायरीवर बसला. केरिस त्याला विचारत होती, ‘आपण जायचं नाही का?’ त्याने तिला मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, ‘यांना कसं कळलं?’

मी मराठीत विचारलं. अण्णा शांत झाले होते. ‘म्हाताऱ्यानंच सांगितलं की. गुरवारी दुपारी.’

‘काय म्हणाले?’ ह्यूने विचारलं.

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. गुरुवारी दुपारी.

गुरुवारी दुपारी ह्यू बेडच्या एका बाजूला होता, मी दुसऱ्या. दोघांच्या मध्ये ग्विन. बाहीचं मी त्याला सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्याने वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतून योग्य मापाची पिन शोधली. ती बसवताना अण्णा बाजूला टॉर्च धरून उभे होते.

लॉरी उशिरा निघाली. तीही सगळ्यांच्या मागे. आम्ही आमच्या गाडीतून तिच्या मागे गेलो, केरिसला आमच्याबरोबरच घेतलं. उतारावर ह्यू इतका सावकाश चालवत होता की मागच्या मोटारसायकलवाल्यांचा जीव मेटाकुटीला आला. खाली पोहोचल्यावर म्हातारे ड्रायव्हर टोप्या काढून लॉरीभोवती जमले. काहीही झालं नाही.

ग्विन वाचले. त्यांना बरं व्हायला वेळ लागला, पण घरी आले. अशा पेशंटच्या आधीच्या काही दिवसांच्या आठवणी पुसल्या जातात, ते नेहमीचंच आहे. त्यांच्याही गेल्या होत्या. आठवत होतं ते शेवटचं म्हणजे बागेत घेवड्याच्या वेलांना काठ्या लावल्याचं. त्यानंतर थेट वॉर्डाचं छत. मी खोदून विचारलं, मध्ये काही स्वप्न, काही आवाज? काही नाही म्हणाले. आणि खिळ्याचं नाव काढलं तर चक्क रागावले. ‘मी? ब्रेकला खिळा? कधीच नाही.’ ह्यू त्यांच्या पाठीमागे उभा राहून मला होकारार्थी मान हलवून दाखवत होता. आमचा अंदाज असा, की जुनी पिन खराब झाली म्हणून त्यांनी तात्पुरता खिळा घातला आणि नवी आणायलाच ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे कोसळले. हा नुसता अंदाज आहे. विचारायचं कुणाला?

मी लावून पाहिलेली स्पष्टीकरणं अशी. ग्विन यांनी अण्णांना हे बुधवारीच सांगितलं असेल. ते शब्दही अण्णांनी आधी कधीतरी ऐकले असतील, रोज तर एकत्र बसत होते. शक्य आहे. बहुतेक वेळा मी यावरच येऊन थांबते. मग बाही आठवते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

अण्णांना यात काही विशेष झालं असं कधी वाटलंच नाही. त्यांची तक्रार वेगळीच. ‘एवढा आजारी हुता तर सांगायचं तरी. मी त्येला वर चढू दिला नसता.’ अण्णा भारतात परत निघाले तेव्हा ग्विन यांनी त्यांना आपली टोपी दिली. अण्णा कराडच्या उन्हातसुद्धा ती लोकरी टोपी घालायचे.

पुढे पुष्कळ महिन्यांनी मी फोनवर अण्णांना पुन्हा एकदा विचारलं. नीट, सावकाश, एकेक प्रश्न. त्या दुपारी त्याला हात लागला होता का तुमचा?

‘हात? कप दिला की हातात. दोघांचा च्या मीच केलावता.’

‘प्याला तो?’

‘अर्धाच. मंग उठला.’

फोन ठेवल्यावर मला सिंक आठवलं. त्या गुरुवारी संध्याकाळी, अण्णा लसूण सोलत असताना, सिंकमधली भांडी मी घासली होती. दोन कप होते. एक रिकामा, दुसऱ्यात निम्मा चहा, वर साय धरलेली. तो चहा मीच ओतून दिला. अण्णांनी स्वतःच दोनदा केला असेल, एक अर्धा टाकला असेल... पण अण्णा चहा टाकत नाहीत. याहून जास्त मला सांगता येणार नाही.